बेळगाव परिसरात पहिले पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर निवडताना

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना हाती आल्याशिवाय पिस्तूल विकत घेता येत नाही आणि कोणत्या प्रकारचे शस्त्र घेता येईल हेही परवान्यावरील नोंदच ठरवते. म्हणून निवडीचा खरा विचार दुकानात नव्हे, तर अर्ज भरताना करावा लागतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. आपला पत्ता बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो की जिल्हाधिकाऱ्यांच्या, हे अर्जापूर्वी पाहून घ्यावे. कोडगूमधील कोडव समाजाला व जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना मिळालेली परवान्यातील सवलत त्यांच्यापुरतीच आहे. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या रहिवाशाला तिचा काही उपयोग नाही.

हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) हवे कशासाठी, हा प्रश्न अर्ज तपासणारा अधिकारी विचारणारच, तेव्हा तो आधी स्वतःला विचारलेला बरा. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठीची गुळगुळीत नळीची लांब बंदूक आणि पीक राखणीची ठासणीची बंदूक यांचा वेगळा विचार केलेला आहे, तर हँडगनसाठी सबळ कारण दाखवावे लागते. खानापूरच्या जंगलालगत शेती असलेल्याची अडचण रानडुकरे आणि गवे ही असेल, तर आखूड नळीचे हत्यार त्याच्या कामाचे नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा त्यालाही लागू आहेच. रोख रक्कम घेऊन वावरणाऱ्या व्यापाऱ्याचे कारण निराळे असते.

सामान्य नागरिकाला ९ मिमीसारखे निषिद्ध बोअर (नळीचा आतील व्यास) मिळत नाही, त्यामुळे निवड बहुधा .३२ बोअरवर येऊन थांबते. येथे एक बारीक गोष्ट नवख्याच्या नजरेतून सुटते: .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३२ चे पिस्तूल यांची काडतुसे सहसा वेगळी असतात, म्हणजे रिव्हॉल्व्हरचे लांब, तळाशी बाहेर आलेल्या कडेचे काडतूस ७.६५ मिमी पिस्तुलात चालत नाही. शस्त्रावर कोरलेले काडतुसाचे नाव वाचल्याशिवाय काडतुसे मागू नयेत.

माझ्या मते पहिले शस्त्र म्हणून रिव्हॉल्व्हरच घ्यावे. त्याचे चक्र उघडले की काडतुसे आहेत की नाहीत हे डोळ्यांना थेट दिसते, तर पिस्तुलाचे मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून घेतले तरी एक काडतूस नळीच्या मागच्या कोठीत राहू शकते, आणि “रिकामे आहे” असे समजून झालेल्या अपघातांमागे अनेकदा हेच कारण असते. शिवाय डबल अ‍ॅक्शन (म्हणजे चाप दाबताच हातोडीही मागे ओढणाऱ्या) रिव्हॉल्व्हरचा चाप हातोडी आधी न ओढता दाबायला जड असतो, ही नवख्याच्या बाजूची गोष्ट आहे. ज्याला पिस्तूलच हवे, त्याने आधी प्रशिक्षणात स्लाइड मागे ओढून कोठी बोटाने व डोळ्याने तपासण्याची सवय अंगी बाणवावी.

हलके तेवढे चांगले, हा समज मात्र सोडून द्यावा. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचे २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. ते जवळ बाळगायला सोयीचे, पण एकाच काडतुसाचा धक्का हलक्या शस्त्रातून हाताला अधिक जाणवतो आणि दुसरी गोळी नेमावर ठेवणे कठीण जाते. दुकानदाराकडून शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी, स्वतः पुन्हा पाहावे, नळी सुरक्षित दिशेला धरावी आणि मग पकड तपासावी: मूठ न हलवता तर्जनीचे पहिले पेर चापावर येते का, एवढे पाहिले तरी अर्धी निवड होते.

खरेदीनंतर शस्त्राची नोंद परवान्यावर होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षे आहे आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ शस्त्रे ठेवता येतात. घरात शस्त्र व काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत असावीत. सीमाभागातील अर्जदाराने परवान्यावरील क्षेत्राची नोंद विशेष लक्ष देऊन वाचावी: परवाना केवळ कर्नाटकापुरता असेल तर तो महाराष्ट्रातील चंदगड, गडहिंग्लज किंवा चोर्ला घाटापलीकडे गोव्यात चालत नाही, म्हणून तिकडे शेती वा व्यवसाय असेल तर अर्जातच तसे क्षेत्र कारणासह मागावे, अन्यथा चंदगडच्या शेतावर जाताना शस्त्र घरच्या कुलपातच ठेवून निघावे लागेल.