अल्फा काढायच्या आधी चौथा प्रश्न उलटा करा

मे महिना आला की लालबागच्या आमच्या दोन खोल्यांबाहेर चपलांचा ढीग लागतो. बी.एड.ची, नर्सिंगची, समाजकार्याची मुलं येतात. सगळ्यांचं म्हणणं एकच: "मॅडम, फक्त अल्फा काढून द्या, उद्या ब्लॅक बुक बायंडिंगला द्यायचंय." ब्लॅक बुक म्हणजे प्रबंधाची बांधलेली प्रत, आणि अल्फा म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. २८ वर्षं संख्याशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. अल्फा मी काढून देत नाही, काढायला लावते. चहा मात्र देते.

परवाची मुलगी विरारहून आली होती. विषय, लोकलने ये-जा करणाऱ्या नर्सेसचा प्रवासाचा थकवा. अल्फा फारच कमी आलेला. चेहरा रडवेला, कारण गाइडनी सांगितलेलं, ०.७० च्या खाली चालणार नाही. मी म्हटलं, "आकडा ठेव बाजूला. आधी कागद काढ."

तिच्या गठ्ठ्यातले पाच कागद आणि चार प्रश्न घेतले. खरा अल्फा पाच जणींवर काढायचा नसतो. हे फक्त हाताने करून कळावं म्हणून. प्रश्न असे: घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही, गाडीत उभ्याउभ्या डोळा लागतो, सकाळी निघायच्या विचारानेच अंग जड होतं, प्रवासानंतरही मी ताजीतवानी असते. उत्तरं १ ते ५, १ म्हणजे अजिबात नाही, ५ म्हणजे अगदी खरं.

पहिली: ५, ४, ५, २
दुसरी: ४, ४, ३, २
तिसरी: २, ३, २, ५
चौथी: ३, २, ३, ३
पाचवी: १, २, २, ३

हे एक्सेलमध्ये घाला. प्रत्येक प्रश्नाच्या रकान्याखाली व्हेरियन्स काढा (म्हणजे उत्तरं किती विखुरली आहेत ते, पुस्तकात याला प्रचरण म्हणतात). २.५, १, १.५ आणि १.५ येतील, बेरीज ६.५. मग प्रत्येकीच्या चार उत्तरांची बेरीज करा: १६, १३, १२, ११, ८. या बेरजांचा व्हेरियन्स ८.५. आता ६.५ ला ८.५ ने भागा, उत्तर १ मधून वजा करा, आणि आलेल्याला ४/३ ने गुणा. ४ म्हणजे प्रश्नांची संख्या, ३ म्हणजे त्यातून एक कमी. उत्तर ०.३१.

आता चौथा प्रश्न पुन्हा वाचा. बाकीच्या तिघांत ५ म्हणजे दमलेली बाई, इथे ५ म्हणजे ताजीतवानी. म्हणून ६ मधून प्रत्येक उत्तर वजा करायचं: रकाना ४, ४, १, ३, ३ होतो. गंमत बघा, त्या रकान्याचा व्हेरियन्स तोच राहतो, १.५. पण बेरजा होतात १८, १५, ८, ११, ८ आणि त्यांचा व्हेरियन्स १९.५ वर जातो. अल्फा ०.८९. मुलीने दोन वेळा कॅल्क्युलेटर दाबून पाहिलं.

असं का होतं, ते लोकलमधल्या भजनी मंडळाकडे पाहून कळतं. सगळ्यांचे टाळ एकदम पडले तर डबा दणाणतो. ज्याचा त्याचा ताल निराळा असेल तर नुसता गलका. प्रश्न एका तालात असले की बेरजेचा व्हेरियन्स सुट्या व्हेरियन्सच्या बेरजेपेक्षा बराच फुगतो. त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसेल, तर दोन्ही आकडे सारखे येतात आणि अल्फा शून्य. उणे आला तर बहुतेक वेळा उलटा प्रश्न तसाच राहून गेलेला असतो. क्रॉनबाख यांनी १९५१ च्या लेखात हा अल्फा मांडला, आणि अंतर्गत सुसंगतता म्हणतात ती एवढीच. मंडळ तालात आहे एवढं कळतं. अभंग कुठला चाललाय ते कळत नाही. थकवा मोजताय की नोकरीचा वैताग, हा सप्रमाणतेचा, म्हणजे जे मोजायचं तेच मोजतोय का याचा प्रश्न, तो वेगळा सोडवावा लागतो.

खरा डेटा जमोवी या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, फुकट आहे. त्याच्या फॅक्टर मेनूत रिलायबिलिटी अ‍ॅनालिसिस. उलटे प्रश्न सांगायला तिथे वेगळी चौकट असते, ती रिकामी सोडू नका. शिवाय प्रत्येक प्रश्नाचा बाकीच्यांच्या बेरजेशी सहसंबंध मागा. ०.३० च्या खाली गेलेला प्रश्न मी हातात घेऊन वाचते. या मुलीचा एक प्रश्न होता, "मला बसायला जागा मिळते." तो थकवा नव्हे, नशीब. काढला. पण केवळ आकडा चढतो म्हणून चांगला प्रश्न उडवू नका.

०.७० च्या त्या रेघेचं मला फारसं कौतुक नाही. प्रश्न वाढवले की अल्फा आपोआप चढतो. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध ०.३० असेल तर ५ प्रश्नांना ०.६८, १० ना ०.८१, २० ना ०.९०. प्रश्नांचा दर्जा तसूभरही बदललेला नसतो. आणि ०.९६ घेऊन कुणी पेढे आणले तर मी प्रश्नावली मागते. मी थकते, मला थकवा येतो, मी दमते: एकच गोष्ट तीनदा.

प्रश्नावलीत शरीराचा थकवा आणि घरातली चिडचिड असे दोन भाग असतील तर अल्फाही दोन काढा.

बरोबर-चूक अशा चाचणीला अल्फाच्या जागी कुडर-रिचर्डसनचं २० क्रमांकाचं सूत्र, १९३७ चं. प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण गुणिले चुकलेल्यांचं प्रमाण, हाच तिथला व्हेरियन्स. तो n ने, म्हणजे उत्तरं देणाऱ्यांच्या संख्येने भागलेला असतो, म्हणून एकूण गुणांचा व्हेरियन्सही n नेच भागा, n-१ ने नको. आमच्या कॉलेजात दर वर्षी निम्मा वर्ग इथे घसरायचा. वेळ कमी पडून शेवटचे प्रश्न कोरे राहिले असतील तर हा आकडा खोटा फुगतो.

शेवटची कटकट भाषांतराची. मूळ इंग्रजी प्रश्नावलीचा अल्फा ब्लॅक बुकात छापून मुलं मोकळी होतात. अल्फा प्रश्नावलीला चिकटलेला नसतो, तो त्या उत्तरांचा असतो. मराठी केलीत की पुन्हा काढा, आणि "मला थकवा जाणवत नाही असं नाही" असली वाक्यं आधी सरळ करा. पाचव्या मजल्यावरच्या आमच्या काकूंना मी असा एक प्रश्न वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "हो की नाही ते तूच लिही गं."

विरारची मुलगी सव्वासातला उठली. तिला म्हटलं, अहवालात प्रश्नांची संख्या, नर्सेसची संख्या, कोणते प्रश्न उलटे केले आणि कोणता का काढला हे चारही लिही, मग अल्फा. "आणि गाइडनी विचारलं तर?" म्हणाली. पाच कागदांचा तो तक्ता तिच्या वहीत घडी करून ठेवला आणि तिला चिंचपोकळी स्टेशनपर्यंत सोडून आले.