कामावर आपलं नाव लागलं पाहिजे

२०१२ सालचा मार्च. नवी मुंबईत महापेच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात मला दीड वर्ष झालं होतं. एका बँकेच्या पैसे पाठवण्याच्या सिस्टिमवर आमची टीम काम करायची आणि त्या आठवड्यात काही ग्राहकांच्या खात्यातून एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा कापले गेले. सगळे डेटाबेस तपासत होते. मी दोन दिवस फक्त लॉग, म्हणजे सिस्टिमने आपोआप लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचत बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. पलीकडून उत्तर यायला उशीर झाला की आमचा प्रोग्राम व्यवहार फसला असं धरून तो पुन्हा पाठवायचा, आणि पाठवताना त्याला नवा क्रमांक द्यायचा. पहिला व्यवहार तर पोचलेलाच असायचा. पलीकडच्या सिस्टिमच्या दृष्टीने ते दोन वेगळे व्यवहार होते. पुन्हा पाठवताना जुनाच क्रमांक ठेवायचा आणि त्या क्रमांकाची नोंद आधीच असेल तर दुसऱ्यांदा पैसे कापायचे नाहीत, एवढाच उपाय होता. मी तो लिहिला, टेस्ट केला, शुक्रवारी रात्री तो प्रोडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमवर, गेला.

क्लायंटला मेल गेला: ‘आमच्या टीमने कारण शोधून दुरुस्ती केली आहे.’ तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एप्रिलमध्ये अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाच्या, शीटवर माझ्याबद्दल लिहून आलं: कोऑर्डिनेशन उत्तम, स्वभाव मनमिळाऊ, मीटिंगच्या नोंदी नीट ठेवते. त्या दुरुस्तीचा एक शब्द नव्हता. शुक्रवारी रात्री थांबून ज्याने ती सर्व्हरवर चढवली, त्याच्या शीटवर मात्र ती होती. त्याने काही चोरलं नव्हतं. तो रात्री तिथे होता, साहेबांना दिसला होता. मी सात वाजता घरी गेले होते.

आमचे आजोबा शेतीतले. राबणारा कोणीही असो, सातबाऱ्यावर नाव कोणाचं तेवढंच तलाठी बघतो, असं ते सांगायचे. त्या एप्रिलमध्ये मला त्यांचं म्हणणं कळलं.

नवीन मुलींना मी सगळ्यात आधी हेच सांगते. टीममध्ये काही कामं अशी असतात की ती झाली नाहीत तर सगळं अडतं, पण झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत: नोंदी लिहिणं, चार जणांना फोन करून एका वेळेला जमवणं, नव्या माणसाला सिस्टिम समजावणं, डॉक्युमेंट नीट करणं. ही कामं हळूहळू मुलींकडे सरकतात, कारण आपण ती नीट करतो आणि नाही म्हणत नाही. ती करू नका असं मी म्हणणार नाही, त्यातून सिस्टिम कळते. पण पहिल्या दोन वर्षांत सिस्टिमचा एक तरी तुकडा असा हवा की तो बिघडला तर लोक तुमचं नाव घेऊन हाक मारतील. लहान असला तरी चालेल. माझ्याकडे पुढे रोज रात्री दोन्हीकडचे हिशेब जुळवून बघणारा प्रोग्राम आला. तो कोणालाच नको होता, मी मागून घेतला.

आणि लिहून ठेवा. मी त्या एप्रिलपासून दर शुक्रवारी एका फाइलमध्ये चार ओळी लिहिते: काय बिघडलं, कारण कोणी शोधलं, काय बदललं, त्याने काय वाचलं. ‘खूप मेहनत केली’ याने अप्रेझलमध्ये काही हलत नाही. ‘हिशेब जुळवायला चार तास लागायचे, आता चाळीस मिनिटं लागतात’ याने हलतं. स्वतः केलेल्या कामाचा डेमो स्वतः द्या. इंग्रजी अडखळत असलं तरी द्या, माझं अडखळायचं.

१९४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक हा संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याचं प्रोग्रामिंग सहा जणींनी केलं होतं. फोटोत त्या दिसायच्या, फोटोखाली त्यांची नावं नसायची. त्या कोण होत्या हे जगाला नीट कळायला काही दशकं जावी लागली. हे वाचलं तेव्हा मला माझी ती अप्रेझलची शीट आठवली.

आता रात्रीबद्दल. प्रोडक्शनवर बदल बहुतेक वेळा रात्री चढवतात, आणि सिस्टिम खरी कशी चालते हे त्याच वेळी कळतं. आमचे मॅनेजर चांगले गृहस्थ. ते म्हणायचे, ‘अगं, तू डोंबिवलीला जाणार, कशाला थांबतेस? ही मुलं बघतील.’ घरी आईला हे ऐकून बरं वाटायचं. मलाही वाटायचं. या मायेपायी मी दोन वर्षं ऑन-कॉलच्या, म्हणजे रात्री बिघाड झाला तर ज्यांना बोलावतात त्यांच्या, यादीत नव्हते, आणि टीमचा लीड, म्हणजे प्रमुख, निवडताना पहिला प्रश्न आला, हिने रात्रीची मोठी अडचण एकटीने सांभाळली आहे का? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला काम द्यायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची, घरी सोडण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. तेव्हा सूट मागू नका, गाडी मागा. मी लेखी मागितली. पहिल्या महिन्यात दोनदा गाडी आलीच नाही, तेही मी लेखीच कळवलं. तिसऱ्या महिन्यापासून येऊ लागली.

अजून कॉलेजात असाल तर थोडं तुमच्यासाठी. मी दहावीनंतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला आणि थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला गेले. मॅथ्सच्या केट्या लागल्या, म्हणजे विषय राहिला, मग सुटल्या. माटुंग्याचं व्हीजेटीआय मिळालं तर उत्तमच. जुहूला एसएनडीटीच्या आवारात फक्त मुलींसाठी उषा मित्तल इन्स्टिट्यूट आहे. पण नोकरीत तीन वर्षं झाली की कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), लिनक्स (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम), गिट (प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि लॉग वाचण्याची चिकाटी, यावर माझी पहिली पाच वर्षं निभावली. फीसाठी घरात अडत असेल तर आधी दोन गोष्टी बघा. एआयसीटीई या देशपातळीवरच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रगती शिष्यवृत्तीत मुलींना वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. शिवाय २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्हावा लागतो. उत्पन्नाचा दाखला मेमध्येच काढून ठेवा, जूनमध्ये तहसील कार्यालयात रांगा लागतात.

पगाराचं मला कळलं ते ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यात. घणसोलीला उतरणाऱ्या आम्ही पाच-सहा जणी, वेगवेगळ्या कंपन्यांतल्या. एकीने सहज आकडा सांगितला. तेवढ्याच अनुभवाला तिला माझ्या दीडपट मिळत होतं. ऑफिसात पगाराबद्दल बोलू नये असं मला शिकवलं होतं, आणि न बोलण्याचं नुकसान माझंच होत होतं. पुढच्या बोलणीत मी शुक्रवारची फाइल आणि तो आकडा दोन्ही घेऊन गेले. सगळं मिळालं नाही, बरंच मिळालं. डब्यातल्या त्या मैत्रिणींशी संबंध टिकवा. माझी दुसरी नोकरी त्यांच्यातल्या एकीनेच सांगितली.

२०१८ मध्ये मुलगी झाली. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. रजा मिळाली, त्यात अडचण आली नाही. अडचण परत आल्यावर आली. माझा हिशेबाचा प्रोग्राम दुसऱ्याकडे गेला होता आणि माझ्यापुढे डॉक्युमेंटेशन ठेवलं, ‘बाळ लहान आहे, जरा हलकं काम घे’ म्हणून. मी हलकं काम मागितलंच नव्हतं. आपलं काम परत मिळवायला मला आठ महिने लागले. रजेवर जाण्याआधी मेल लिहा: अमुक काम अमुक जणाकडे तात्पुरतं देत आहे, परत आल्यावर ते मी घेईन. मॅनेजरचं उत्तर आल्याशिवाय जाऊ नका.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक करा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. त्यात कोण आहे ते बघून ठेवा. तक्रार घटनेपासून साधारण तीन महिन्यांत करावी लागते. गरज पडेल तेव्हा नावं शोधायला त्राण नसतं.

२०२० च्या सुरुवातीला मी लीड झाले. लीड झाल्यावर हातात खरी सत्ता एकच येते, कोणतं काम कोणाला द्यायचं ते ठरवण्याची. मी पहिल्या महिन्यात दोन बदल केले. बिघाडाच्या रिपोर्टमध्ये ‘कारण कोणी शोधलं’ ही वेगळी ओळ घातली. तिथे ‘टीम’ लिहून आलं तर मी रिपोर्ट परत पाठवते. आणि मीटिंगच्या नोंदी लिहायची पाळी आडनावाच्या क्रमाने लावली. एक सीनियर म्हणाले, ‘मॅडम, मला टायपिंग जमत नाही.’ पुढच्या सोमवारी त्यांनी लिहून आणल्या, छान लिहिल्या होत्या. या आठवड्यात पाळी माझी आहे.