फ्लॅट ट्रस्टमध्ये गेलाय? कलम नंतर, तारखा आधी

कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्याने फ्लॅट ट्रस्टला दिला आणि तो धनकोंसाठी परत आणायचा आहे, अशी फाइल हातात आली की नवा ज्युनिअर वकील थेट नादारी व दिवाळखोरी संहितेचं, कमी मोबदल्याचे व्यवहार रद्द करणारं कलम ४५ उघडतो. वाट तिथेच चुकते. कलमं ४३, ४५ आणि ४९ कंपनीच्या मालमत्तेसाठी आहेत. प्रवर्तकाने स्वतःच्या नावावरचा पार्ल्यातला फ्लॅट कौटुंबिक ट्रस्टला दिला असेल, तर ती कलमं लागत नाहीत.

मग काय लागतं? कर्जदार कंपनीचा वैयक्तिक जामीनदार असेल तर संहितेचा भाग ३, जो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त अशा जामीनदारांपुरता लागू आहे. मुंबईतल्या बाकी व्यक्तींना अजून १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट लागतो आणि काम उच्च न्यायालयात चालतं. खाडी ओलांडून ठाण्यात गेलात की १९२० चा प्रांतिक नादारी कायदा.

१९०९ च्या कायद्यात कलम ५५ पाहा. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत माणूस नादार ठरला, तर मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतरण ऑफिशियल असायनीपुरतं (नादाराची मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी) रद्द. लग्नाआधी, लग्नाच्या मोबदल्यात दिलेली मात्र वाचते. भाग ३ च्या कलम १६४ मध्ये नेमकं उलट आहे: तिथे लग्नाच्या मोबदल्यातलं हस्तांतरणही बक्षिसासारखंच कमी मोबदल्याचं धरतात. दोन्ही कायदे एकाच टिपणात मिसळले की घोळ होतो.

कलम १६४ ची खरी अडचण घड्याळाची. दोन वर्षं मागे मोजायची ती दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून, कलम ९५ च्या नादारीच्या अर्जापासून नाही. आधी नादारी, मग परतफेड योजना, ती फसली की दिवाळखोरी; तोवर ट्रस्टची तारीख या दोन वर्षांच्या खिडकीबाहेर निघून जाते. शिवाय कलम १६४ खालचा अर्ज दिवाळखोरी विश्वस्ताने (दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणारा) करायचा असतो, आधीच्या नादारीच्या टप्प्यातल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलने नाही.

खिडकीत बसलं तर काम सोपं होतं. कलम ७९ मधली ‘असोसिएट’ची, म्हणजे कर्जदाराच्या निकटच्या व्यक्तीची, व्याख्या शेवटपर्यंत वाचा: ज्या ट्रस्टच्या लाभार्थ्यांत कर्जदार आहे, किंवा ज्याच्या अटींनुसार विश्वस्त कर्जदाराच्या फायद्यासाठी अधिकार वापरू शकतो, त्याचा विश्वस्तही तिच्यात येतो. असोसिएटशी व्यवहार असेल, तर तो कमी मोबदल्याचाच असं कायदा धरून चालतो. म्हणून ट्रस्ट डीड मिळाल्यावर लाभार्थ्यांची यादी आणि विश्वस्तांचे अधिकार आधी वाचा. प्रस्तावनेतलं ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा’ नंतर.

खिडकीबाहेर गेलं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ उरतं. तिथे दोन वर्षांची अट नाही, पण धनकोंना हुलकावणी देण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि एका धनकोने दावा लावला तरी तो सर्व धनकोंच्या वतीने किंवा हितासाठी लावायचा. हे कलम मोबदला देणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराला हात लावत नाही.

हेतू कागदांतूनच निघतो. एका तक्त्यात तारखा मांडा: हमीपत्र, कर्ज थकल्याचा दिवस, सरफेसी (बँकांच्या तारण-वसुलीचा कायदा) कलम १३(२) ची नोटीस, डीडवरची सही, मुद्रांकाचं चलान, नोंदणी. नोंदणी झालेला दस्त सहीच्या तारखेपासून लागू होतो आणि नोंदणीसाठी साधारण चार महिने मिळतात, त्यामुळे सही मागच्या तारखेची दाखवण्याचा मोह होतो. सही जानेवारीची आणि चलान एप्रिलचं असेल, तर प्रश्न तिथूनच विचारायचा. इंडेक्स २ वर (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) मुद्रांक २०० रुपये दिसला तर बहुधा राहत्या घराचं घरच्यांना दिलेलं बक्षीसपत्र आहे. ट्रस्टच्या आधी फ्लॅट बायकोच्या नावावर फिरवला होता का, ते बघा.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे हमी देताना बँकेला दिलेलं सीएचं नेटवर्थ प्रमाणपत्र. फ्लॅट ट्रस्टला दिल्यानंतरच्या प्रमाणपत्रातही तो स्वतःचा म्हणून दाखवला असेल, तर उलटतपासणीची निम्मी तयारी झाली. उरलेली सोसायटीच्या कार्यालयात मिळते: भागपत्रावर ट्रस्टचं नाव चढलं का, मेंटेनन्स कुणाच्या खात्यातून जातो, भाडं कुणाकडे येतं.