मत्तय ५:७ मधली ‘दया’: मूळ ग्रीक वचनाचा अभ्यास कसा करावा

‘जे दयाळू ते धन्य, कारण त्यांच्यावर दया होईल.’ येशूच्या डोंगरावरील प्रवचनातले हे वचन ग्रीकमध्ये अवघ्या सहा शब्दांचे आहे, म्हणून सुरुवातीला उत्तम. ओळीखाली शब्दार्थ दिलेला ग्रीक नवा करार, स्ट्राँग क्रमांकांची (बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेल्या क्रमांकांची) शब्दसूची आणि वही एवढे पुरते.

१. वचन वहीत सुटे करून लिहा: माकारिओइ (धन्य), होइ एलेएमोनेस (दयाळू असलेले), होति (कारण), आउतोइ (ते), एलेएथेसोन्ताइ (दया पावतील). पहिल्या अर्ध्या भागात क्रियापद नाही, हे नोंदवा.

२. प्रत्येक शब्दापुढे त्याचे रूप लिहा. शेवटचे क्रियापद भविष्यकाळी, कर्मणी, तृतीयपुरुषी अनेकवचनी आहे. दया कोण करणार हे सांगितलेलेच नाही. अशा जागी बहुतेक अभ्यासक कर्ता देव मानतात. ग्रीक क्रियापदात ‘ते’ आलेलेच असते, तरी ‘आउतोइ’ वेगळा घातला आहे, म्हणजे जोर त्यावर आहे. मात्र शेजारच्या धन्यवचनांतही तो येतो. फक्त याच वचनासाठी त्यावर सिद्धांत उभारू नका.

३. आता शब्दसूची उघडा. ‘एलेएमोन’ (क्रमांक १६५५) नव्या करारात दोनदाच येतो: इथे आणि इब्री २:१७ मध्ये, ख्रिस्ताविषयी. दोन जागांवरून अर्थ ठरत नाही, म्हणून त्याच कुळातले शब्द पाहा: क्रियापद ‘एलेएओ’ (१६५३), नाम ‘एलेओस’ (१६५६) आणि मत्तय ६:२ मधला दानधर्म, ‘एलेएमोसिने’ (१६५४).

आधी मत्तयातच राहा. सगळ्यात जास्त हाती लागते ते अठराव्या अध्यायात. दहा हजार ‘तालांत’ (प्रचंड मोठी रक्कम) देणे असलेल्या दासाचा धन्याला कळवळा येतो, तो त्याला सोडतो आणि कर्जही माफ करतो (१८:२७). तोच दास शंभर दिनारांसाठी (त्यामानाने किरकोळ रकमेसाठी) सोबत्याचा गळा धरतो, तेव्हा धनी आपण केलेल्या त्या सगळ्याला मिळून ‘एलेएओ’ म्हणतो (१८:३३). कळवळा हा ‘स्प्लांख्निझोमाइ’ हा वेगळा शब्द आहे. मत्तयाची दया मनात उपजते, पण कर्ज सोडल्यावरच पुरी होते.

४. मग जुन्या कराराच्या ग्रीक अनुवादात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये जा. होशेय ६:६ मधले ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे वाक्य मत्तयात दोनदा येते (९:१३, १२:७). तिथल्या ‘एलेओस’मागे हिब्रू ‘हेसेद’ आहे, ज्यात दयेबरोबर नात्याशी निष्ठाही येते.

चुका बहुधा शब्दसूचीपाशी होतात. ‘एलेओस’ आणि ‘एलाइओन’ (तेल) यांचा उच्चार जवळचा, म्हणून दया म्हणजे जखमेवरचे तेल असे प्रवचनांत ऐकू येते. त्या व्युत्पत्तीला आधार नाही. दुसरी चूक म्हणजे सूचीतले सगळे अर्थ एकाच वचनात कोंबणे. लूक ६:३६ हे जुळे वचन समजून जोडतानाही जपा, तिथे ‘ओइक्तिर्मोन’ हा निराळा शब्द आहे.

५. शेवटी वचनाचा स्वतः मराठी अनुवाद करा आणि छापील अनुवादांशी ताडून पाहा. हिब्रू-ग्रीक शिकून पंडिता रमाबाईंनी केलेला, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अनुवाद मिळाला तर जरूर घ्या. जिथे अनुवादक ‘देव’ हा कर्ता स्वतःहून घालतात, तिथे दुसऱ्या पायरीतली कर्मणी प्रयोगाची नोंद पुन्हा काढा.