मृगाच्या आधी: कोकणातल्या आरोग्य अधिकाऱ्याच्या तयारीची यादी

कोकणात पाऊस मृगाला लागतो, पण तालुका आरोग्य कार्यालयाचा पावसाळा एप्रिलअखेर सुरू झालेला असावा. डहाणूपासून दोडामार्गापर्यंत कुठेही वैद्यकीय अधिकारी किंवा तालुका आरोग्य अधिकारी म्हणून नव्याने हजर झाला असाल, तर ही यादी तुमच्यासाठी आहे. औषधांच्या साठ्याची यादी औषध निर्माण अधिकारी करतीलच. इथे आहे ती वेगळी तयारी: गावात घडतंय ते राज्यापर्यंत वेळेत पोहोचावं आणि राज्याने घेतलेला निर्णय आपल्या वाडीला लागू पडावा, यासाठीची. राज्याकडे आपल्या तालुक्याबद्दल एवढंच असतं, जेवढं आपण वर पाठवतो.

सगळ्यात आधी कोण कुठे बसतं ते कागदावर लिहून काढा, कारण नव्या माणसाची गल्लत इथेच होते. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची, त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं राज्य शासनाची, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. तापाचा रुग्ण सकाळी तुमच्या ओपीडीत येतो आणि रात्री उपजिल्हा रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा तो एका यंत्रणेतून दुसरीत गेलेला असतो. त्याच्यावर आणखी एक गुंता आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचे आरोग्य उपसंचालक कोल्हापूरला बसतात. रायगड, ठाणे आणि पालघरचे ठाण्याला. महसुलाचे विभागीय आयुक्त मात्र सगळ्या कोकणासाठी बेलापूरच्या कोकण भवनात. हिवताप, हत्तीरोग, जलजन्य रोग यांचं राज्याचं कार्यालय पुण्यात, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं मुंबईत. पूर आला की जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 खाली सूत्रं हातात घेतात. मग त्यांची माहिती बेलापूरच्या वाटेने वर जाते आणि आपली कोल्हापूरच्या किंवा ठाण्याच्या वाटेने. मंत्रालयात दोन कागद भेटतात आणि आकडे जुळत नाहीत, तेव्हा मदत अडते. म्हणून मे महिन्यातच तहसीलदारांशी बसून ठरवा की रोजचा आकडा किती वाजता बंद करायचा, कोणी करायचा, आणि तोच दोन्हीकडे जाईल. एवढ्या एका गोष्टीने पुढचे अर्धे फोन वाचतात.

फोनची यादी मोबाईलमध्ये असून भागत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. अशा दिवशी वीज आणि मोबाईल एकदमच जातात. यादी कागदावर छापून प्लास्टिकमध्ये घालून ठेवा: एक प्रत केंद्रात, एक रुग्णवाहिकेच्या चालकाकडे, एक प्रत्येक उपकेंद्रावर. तिच्यात सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), जलसुरक्षक (ग्रामपंचायतीचं पाणी शुद्ध करणारा माणूस), होडीवाला, जेसीबीवाला आणि शेजारच्या तालुक्याचे आरोग्य अधिकारी हवेतच. नेटवर्क गेलं तर निरोप घेऊन कोण कुठपर्यंत चालत जाणार, हेही त्यावर लिहा. पोलिसांची बिनतारी यंत्रणा आपल्याला कोणत्या ठाण्यातून वापरता येईल, ते ठाणेदारांना आधीच विचारून ठेवा.

आता पाणी. यावर जास्त वेळ द्या, कारण इथलं काम साधं दिसतं आणि म्हणूनच ढिलं राहतं. ग्रामपंचायतीत टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीची, पिशवी असते, पण ती उघडी, दमट खोलीत, गेल्या वर्षीची. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि दमट हवेत तो भराभर उडून जातो. नमुना तपासायला पाठवा. 20 टक्क्यांच्या खाली आला तर ती पावडर पिण्याच्या पाण्यासाठी धरू नका. मग चिऱ्याच्या विहिरीपाशी जलसुरक्षकाला घेऊन स्वतः उभे राहा आणि हिशेब त्याच्याकडून करून घ्या. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, पाण्याच्या खोलीने गुणायचं आणि मग 785 ने. आलं ते पाणी लिटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे साधारण 140 ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवायची, बादली भरायची, चुना खाली बसू द्यायचा आणि फक्त वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडून हलवायची. पावडर थेट विहिरीत फेकली की चुना तळाला जातो, पाण्याला वास येतो आणि बायका दुसऱ्याच दिवशी व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी भरायला जातात. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी चाचणी, घ्या. शेवटच्या घरच्या नळाचीही घ्या, टाकीजवळची पुरत नाही.

पावसात विहिरीची पातळी रोज बदलते, हे हिशेब शिकवताना आवर्जून सांगा. मे महिन्यात ठरवलेलं माप जुलैत निम्मंही पुरत नाही. विहिरीच्या कठड्यावर आतून रंगाने मीटरच्या खुणा करून घेतल्या तर जलसुरक्षकाला दोरी टाकून मोजत बसावं लागत नाही. पावसाळ्याआधीच्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड मिळालेल्या गावांची यादी गटविकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवा. पाण्याचा खर्च ग्रामपंचायतीचा आणि जुलाबाची साथ आरोग्य खात्याची, अशी वाटणी कागदावर चालते, आजारी पोराच्या बाबतीत चालत नाही.

लेप्टोची, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, तयारी भाताच्या लावणीच्या तारखेवरून करा. राज्याच्या सूचना सगळ्या जिल्ह्यांना सारख्याच येतात, पण चिखलात गुडघाभर कोण, कधी उतरणार ते तुमच्याच तालुक्यात ठरतं. सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे कृषी सहायक) गाववार अंदाज घ्या: पेरणी कुठे आधी, लावणी कुठे उशिरा, सड्यावरच्या आणि खाजणाकाठच्या वाड्यांत किती दिवसांचं अंतर. त्यावरून डॉक्सीसायक्लिनच्या, म्हणजे लेप्टो टाळण्यासाठीच्या गोळ्यांच्या, वाटपाचं वेळापत्रक बांधा. जोखमीच्या माणसाला प्रौढ मात्रा 200 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, पोटात काही घातल्यावर, चिखलातलं काम चालू आहे तोवर. गरोदर बायांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती द्यायची नाही, हे आशाताईंच्या तोंडी असू द्या. गोळ्यांची पाकिटं घरात ठेवून येण्यात अर्थ नाही. लावणीच्या दिवशी पहाटेच माणसं बाहेर पडतात, तेव्हा ठरावीक वार धरून बांधावर न्याहारीच्या वेळी जाणं जास्त उपयोगी पडतं. ताप, पोटऱ्यांत कळ, लाल डोळे आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत चिखलातलं काम, एवढं ऐकलं की संशयित म्हणून नोंद करायची आणि उपचार लगेच सुरू करायचे. एलायझा चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत नकारात्मक येऊ शकते, तेव्हा अहवालाची वाट पाहण्यात रुग्ण हातचा जातो.

पहिला रुग्ण बहुतेक वेळा आपल्याकडे येतच नाही. तो बाजारपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे जातो. मे महिन्यात तालुक्यातल्या सगळ्या डॉक्टरांची आणि पॅथॉलॉजी लॅबची एक बैठक घ्या. चहाच्या वेळात सांगून होईल इतकंच सांगा: कोणत्या तापाची माहिती हवी, कोणाला कळवायची, आणि कळवल्यावर त्यांना आपल्याकडून काय मिळेल. त्यांना उलट माहिती देत राहिलात, या आठवड्यात कुठे काय वाढलंय ते कळवलंत, तरच ते पुढच्या वेळी फोन करतात. आपल्या आयएचआयपी या साथरोगांच्या ऑनलाइन नोंद प्रणालीत आरोग्य सेवक लक्षणांवरून संशयित, डॉक्टर तपासून संभाव्य आणि प्रयोगशाळा निश्चित अशी नोंद भरतात. तिन्ही भरल्या गेल्या तरच पुण्याला चित्र दिसतं. रुग्ण नसेल तिथे शून्य भरा. रिकाम्या रकान्यावरून आजार नाही की माणूस जागेवर नाही, ते वरच्याला कळत नाही.

दक्षिण सिंधुदुर्गात असाल तर फोनच्या यादीत गोव्यातलं बांबोळी लिहा. या भागातला अवघड रुग्ण तिथल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो. रत्नागिरीचा आणि वरच्या भागाचा पुष्कळदा कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात, रायगडचा मुंबईला. निदान तिथे होतं, कधी मृत्यूही तिथे होतो आणि गावात धुरळणी व्हायला आठवडा जातो. तिथल्या साथरोग विभागातल्या एका माणसाचा नंबर आपल्याकडे आणि आपला त्याच्याकडे असणं, हे कोणत्याही परिपत्रकाइतकंच मोलाचं आहे.

साकवापलीकडच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापलीकडच्या, वाड्यांची वेगळी वही करा. पाणी चढलं की कोणती वाडी किती दिवस तुटते हे आशाताईंना आणि पोलीस पाटलांना पाठ असतं. ते कागदावर आणा. मग त्या वाड्यांमधली माणसं नावानिशी लिहा: जून ते सप्टेंबर दरम्यान तारीख असलेल्या गरोदर बाया, क्षयरोगाचे उपचार चालू असलेले, डायलिसिसवर असलेले, मधुमेहाचं इन्सुलिन घेणारे, एकटी राहणारी म्हातारी माणसं. क्षयरोगाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या पाऊस लागायच्या आत पुढच्या दोन महिन्यांच्या पोचवता येतात का, ते जिल्ह्याशी बोलून ठरवा. बाळंतपणाची तारीख जवळ आली की बाईने अलीकडच्या नातेवाइकांकडे यायचं, हे सासूशी बोलून आधीच पक्कं करा; सून ऐकते, पण निघायचं कधी ते सासू ठरवते. फुरसं या विषारी सापाच्या दंशावरची लस कोणत्या केंद्रात किती आहे हे 108 च्या चालकाला माहीत हवं. घाटात दरड आली तर कोल्हापूरची वाट बंद, म्हणून रक्ताचा आणि लसींचा साठा खालीच पुरेल इतका ठेवायची मागणी मे महिन्यात लेखी द्या.

ही लेखी मागणी माझ्या मते सगळ्या तयारीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जिल्ह्याच्या, उपसंचालकांच्या आरोग्य मंडळाच्या आढावा बैठकीत आपण प्रश्नांची उत्तरं द्यायला जातो आणि परत येतो. जाताना एक पान आपलंही न्या. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष लोकसंख्येवर आहे: सपाट भागात 30 हजार, डोंगरी आणि आदिवासी भागात 20 हजार. कोकणातली वाडी डोंगराच्या खांद्यावर चार घरांची असते, तिथे लोकसंख्येचा आकडा काहीच सांगत नाही. म्हणून अंतर मिनिटांत मांडा: अमुक वाडीतून केंद्रापर्यंत उन्हाळ्यात 40 मिनिटं, पावसात अडीच तास. असं पान तालुक्यातालुक्यातून आलं की निकषावर बोलता येतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पुढचा आराखडा तयार होतो तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि जुलैतली अडचण सगळ्यांच्या मनातून गेलेली असते. अडचण आली त्याच दिवशी, तारीख घालून, वहीत उतरवा. आराखड्याच्या वेळी आणि जिल्हा नियोजन समितीपुढे तीच वही बोलते.

खालून वर गेलेल्या नोंदीने काय होतं, याचं उदाहरण कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं, त्यातही मुलं, दगावत. त्यांनी एकेका रुग्णाची बारकाईने नोंद ठेवली आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. पुढे तो उपचार देशभर रूढ झाला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या ओपीडीतल्या वहीचीही तेवढीच ताकद आहे, हे मनापासून सांगते.

समुद्राकाठच्या केंद्रांनी 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदीची मुदत लक्षात ठेवावी. खलाशी गावी जातात आणि ऑगस्टमध्ये परततात. आंबा बागांतले राखणदारही हंगाम संपला की निघतात. परतणाऱ्यांचे हिवतापासाठी रक्तनमुने घ्यायचे तर मच्छीमार सोसायटीकडून बोटवार यादी जुलैतच मिळवा. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा वाडीची वस्ती दुप्पट होते. त्या आठवड्यासाठी टीसीएल, ओआरएस आणि तापाच्या गोळ्या वाढवून मागा, महामार्गावरच्या पथकांच्या पाळ्या एसटी आणि रेल्वेच्या जादा गाड्यांचं वेळापत्रक पाहून लावा.

दोडामार्ग, सावंतवाडीकडे यादी पावसाबरोबर संपत नाही. माकडताप 2016 पासून या भागात आहे आणि तो डिसेंबरपासून मेपर्यंतचा, म्हणजे नेमका काजू गोळा करायच्या दिवसांतला. गोचिडीमार्फत येणारा हा आजार पलीकडे गोव्यातल्या सत्तरीत आणि कर्नाटकातही आहे. मेलेलं माकड दिसलं की कोणी हात लावायचा नाही, कोणाला फोन करायचा, वनखात्याचा माणूस किती वेळात येणार, पशुवैद्यक कोणते, नमुना कोण नेणार, ही साखळी नोव्हेंबर उजाडायच्या आत एकदा प्रत्यक्ष करून बघा. सत्तरीच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही त्या दिवशी बोलवा.

राहिलं बदलीचं. बदल्या नेमक्या मे-जूनमध्ये होतात, म्हणजे सगळी तयारी ज्याच्या डोक्यात आहे तोच माणूस पाऊस लागताना दुसऱ्या तालुक्यात जातो. वाड्यांची वही, फोनची यादी, विहिरींची मापं, आढावा बैठकीत दिलेल्या मागण्यांच्या पोच असलेल्या प्रती, हे सगळं एका फाईलमध्ये लावून पदभार देताना सहीनिशी सोपवा, आणि नव्या तालुक्यात पहिल्याच दिवशी तशीच फाईल मागून घ्या.