पहिल्या क्लासला जाण्याआधी

ड्रायव्हिंग क्लासची फी भरून सकाळची बॅच मिळाली, की आदल्या रात्रीच पर्स लावून ठेवा. लर्निंग लायसन्सची प्रिंट तीत हवीच. ते मिळाल्याशिवाय रस्त्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनंतरच देता येते, म्हणून दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. चाळिशी ओलांडली असेल तर अर्जालाच डॉक्टरांनी भरलेला फॉर्म 1-ए लागतो. लांबचा चष्मा असेल तर नंबर नव्याने तपासून घ्या.

पायात पातळ, सपाट तळाचे, मागून बंद असलेले बूट घाला. सुटी चप्पल पेडलखाली अडकते आणि जाड तळातून क्लच कळत नाही. ओढणी घरी ठेवा, नाहीतर दोन्ही खांद्यांना पिन लावा.

सगळ्यात महत्त्वाची सीट. क्लासची गाडी दिवसभर कितीतरी जणांच्या हातून फिरते. तुमच्या आधी सहा फुटी मुलगा बसून गेला असेल, तर सीट त्याच्या मापाची असते. मी पहिले चार दिवस सीटच्या टोकावर बसून चालवत होते, कारण अर्ध्या तासातली दोन मिनिटं सीट लावण्यात घालवायचा संकोच वाटायचा. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी हळूच पुढे काढणं, काही केल्या जमेना. पाचव्या दिवशी सीट पुढे ओढली, टाच खाली टेकली आणि गाडी जागच्या जागी बंद पडायची थांबली. म्हणून गाडीत बसल्याबरोबर आधी सीट लावा: क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचायला हवं. उंची कमी असेल तर घरून घट्ट, न घसरणारी उशी न्या. खरंच न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग आरसे, मग बेल्ट.

घरात कुणाची गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून, खाली न बघता गिअर टाकायचा सराव करा. तीच गाडी पुढे रस्त्यावर काढायची असेल तर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावा आणि पक्कं लायसन्स असलेलं माणूस शेजारी बसवा.

आणखी एक. क्लासच्या गाडीत सरांच्या पायापाशीही क्लच आणि ब्रेक असतात. बऱ्याचदा क्लच तेच सांभाळतात आणि आपल्याला वाटतं, जमलं. आठवडाभराने मोकळ्या रस्त्यावर त्यांना सांगा, “सर, आज क्लच माझा मलाच सांभाळू द्या, ब्रेक तेवढा तुमच्याकडे असू द्या.” गाडी दोन-तीनदा बंद पडेल. न्यूट्रल करा, पुन्हा स्टार्ट करा. मागचा हॉर्न वाजवत बसला तरी घाई करू नका.