जीवनसत्त्व अ असलेल्या मक्यावर काम करायचंय? मग आधी नमुना जपायला शिका

दाणा जितका पिवळा तितकं जीवनसत्त्व अ जास्त, हा समज पहिल्याच हंगामात सोडा. पिवळा रंग बहुतांशी ल्युटिन आणि झिअ‍ॅक्सँथिन या रंगद्रव्यांचा असतो; त्यांपासून शरीरात जीवनसत्त्व अ बनत नाही. ते बनतं मुख्यतः बीटा-कॅरोटीनपासून, आणि दाण्यातलं एक एन्झाइम त्याचंच झिअ‍ॅक्सँथिन करून टाकतं. सीआरटीआरबी१ जनुकाच्या एका प्रकारात हे एन्झाइम मंदावतं. तोच प्रकार संकराने आणून २०१७ साली 'पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित' हा मक्याचा वाण प्रसारित झाला. साध्या मक्यात प्रो-व्हिटॅमिन अ (शरीरात ज्याचं जीवनसत्त्व अ बनतं ते) १ ते २ पीपीएम, म्हणजे दशलक्ष भागांत १ ते २ भाग, यात ८.१५.

पुण्यात बीएस्सी अ‍ॅग्री करून जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंगला, म्हणजे नवे वाण घडवण्याच्या अभ्यासाला, येणाऱ्यांची खरी परीक्षा पिशव्या बांधताना होते. कणसाचे केस बाहेर पडायच्या आधीच त्यावर बटर पेपरची पिशवी चढवा. तुऱ्याला आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी घाला, म्हणजे बाहेरून आलेले परागकण रात्रीत मरतात. सकाळी दव सुकलं की ९ ते ११ मध्ये तुरा वाकवून झटका आणि पराग त्याच झाडाच्या केसांवर टाका. खरिपातल्या भुरभुर पावसात घाई नको; भिजलेले परागकण फुटतात आणि कणीस विरळ भरतं.

एवढा खटाटोप कशासाठी? दाण्याच्या पिठूळ भागात परागाचाही वाटा असतो. शेजारच्या ओळीतला पराग पडला की त्याच वर्षीच्या दाण्यातलं कॅरोटीन बदलतं, आणि प्रयोगशाळेत तुम्ही भलत्याच झाडाचा आकडा मोजत बसता. म्हणून तपासणीला फक्त स्वपरागित कणसं.

रोपात हवा तो जनुकप्रकार आहे का हे डीएनएवरून सांगणाऱ्या मार्कर चाचणीसाठी रोपं लहान असतानाच पान घ्या. फुलोऱ्याआधी निकाल हातात हवा. पहिल्या बॅकक्रॉसमध्ये, म्हणजे संकराचा पुन्हा मूळ वाणाशी संकर केल्यावर, निम्म्या रोपांत तो जनुकप्रकार मिळतो. पुढे बीसी२एफ२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या बॅकक्रॉसची रोपं स्वपरागित केल्यावरच्या पिढीत, त्याच्या दोन्ही प्रती असलेली रोपं चौथा हिस्साच, म्हणून ८-१० रोपांवर भागत नाही. निदान ४० लावा, तर दहाएक हाती लागतील आणि त्यांतून मूळ वाणासारखी निवडता येतील.

कणसं सावलीत वाळवा. उन्हात, पारदर्शक पिशवीत किंवा दळून ठेवलेल्या पिठात कॅरोटीन झपाट्याने उडतं. दाणे थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि एचपीएलसीच्या, म्हणजे यंत्रावर कॅरोटीन मोजण्याच्या, दिवशीच दळा.

गव्हाकडे ओढा असेल तर पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेचं काम आहे. त्यांच्या एमएसीएस ४०२८ या बन्सी गव्हात लोह ४६.१ आणि जस्त ४०.३ पीपीएम आहे. तिथे नमुन्याचा शत्रू प्रकाश नव्हे, धूळ. मातीचा कण किंवा गंजलेल्या मळणी यंत्राची खरवड दाण्यात गेली, तर लोहाचा आकडा खोटा चढतो. ओंब्या हाताने चोळा, आणि पाकिटाला स्टेपलरची पिन मारू नका.